स्प्रिंगच्या पिस्तुलाची मूठ

ऐरोलीच्या मित्राने विचारलंय की त्याच्या स्प्रिंगवर चालणाऱ्या एअर पिस्तुलाचे छर्रे दहा मीटरवर एका जागी का पडत नाहीत. त्यावर आधी कुणीतरी दिलेला "घट्ट धरा, हात हलणार नाही" हा सल्ला स्प्रिंगच्या पिस्तुलाला लागू पडत नाही, म्हणून लिहितो.

ट्रिगर सुटला की स्प्रिंगच्या जोरावर आतला जड पिस्टन (हवा दाबून छर्रा ढकलणारा दट्ट्या) पुढे धावतो. पिस्तूल आधी मागे येतं, पिस्टन टोकाशी पोचला की पुढे झटकतं, आणि हे घडताना छर्रा अजून नळीतच असतो. आवळून धरलंत तर आवळणं दरवेळी थोडं वेगळं होतं, तोच फरक कागदावर दिसतो. स्पर्धेतली १० मीटरची पिस्तुलं दाबलेल्या हवेवर चालतात, त्यांना हा धक्का जवळपास नसतोच. त्यामुळे त्यांचे व्हिडिओ बघून ही मूठ शिकता येणार नाही.

मूठ सैल ठेवा, पण दरवेळी तशीच. नजर पुढच्या साईटवर, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेमाच्या खुणेवर, टार्गेट धूसर दिसलं तरी चालेल. आवाज झाल्यावरही क्षणभर तसेच राहा. नवशिक्यांचा हात नेमका इथेच खाली येतो.

रिकामं मात्र उडवू नका. छर्रा नसला की पिस्टन आपटतो आणि सील, स्प्रिंग खराब होतात. पावसाळ्यात खाडीकडच्या घरांत नळी गंजते, तेव्हा बाहेरून तेलाचं फडकं फिरवा. चेंबरमध्ये, म्हणजे पिस्टन हवा दाबतो त्या जागेत, तेल सोडू नका, ते पेटतं आणि छर्ऱ्याचा वेग बिघडतो.

आणि कळकळीने सांगतो, सोसायटीच्या गच्चीवर नको. बंद खोलीत, जुन्या कपड्यांनी गच्च भरलेल्या खोक्यासमोर, डोळ्यांवर संरक्षक चष्मा लावूनच.