शाळेत व्हीआर हेडसेट: मळमळ, चष्मा आणि संमतिपत्र

शाळामित्र: आठवी-नववीच्या विज्ञान प्रयोगशाळेसाठी पाच क्वेस्ट ३ (मेटाचे व्हीआर, म्हणजे डोळ्यांवर लावून आभासी जग दाखवणारे हेडसेट) घ्यायचं चाललंय. मुलांना मळमळलं तर काय करायचं? चष्म्यावर हेडसेट बसतो का? आणि पालकांच्या संमतिपत्रात नेमकं काय लिहायचं?

कानोसा: मळमळीचं मूळ कानात आहे. डोळे म्हणतात 'चाललोय', आतल्या कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा म्हणते 'जागेवरच आहे'. मान वळवल्यापासून चित्र बदलेपर्यंत २० मिलिसेकंदांहून जास्त गेले की त्यात भर पडते. ही बाजू बरीच सुधारली. २०१६ च्या रिफ्ट हेडसेटलाच ९० हर्ट्झ होते, म्हणजे चित्र सेकंदाला ९० वेळा बदलायचं. पण अ‍ॅप जॉयस्टिकने चालायला लावत असेल, तर कितीही महाग हेडसेट घ्या, पोट ढवळणारच. त्यामुळे बसून बघायचे धडे निवडा, जागा बदलायला टेलिपोर्ट (न चालता थेट दुसऱ्या जागी उडी) ठेवा, पहिल्या खेपेला ५ मिनिटं पुरेत. घाम फुटला किंवा जांभया सुरू झाल्या की लगेच काढा. 'थांब, सवय होईल' हे मुलांना सांगू नका.

भिंगवाला: चष्मा बसतो, पण आधी फेस-पॅड (चेहऱ्याला टेकणारी गादी) भिंगांपासून मागे सरकवा, नाहीतर काच भिंगावर घासते आणि तो चरा कायमचा. दुसरं, दोन बाहुल्यांमधलं अंतर प्रत्येक मुलाचं वेगळं असतं. त्यासाठी हेडसेटच्या खालचं चाक दर वेळी फिरवायचं. ते राहिलं की अंधुक दिसतं, डोकं दुखतं आणि दोष मात्र व्हीआरला. भिंगं कोरड्या मायक्रोफायबरने पुसा, सॅनिटायझर लावू नका. खिडकीत तर ठेवूच नका: भिंगातून ऊन एकवटलं की स्क्रीन जळते.

शाळामित्र: संमतिपत्राचं राहिलं. शाळेचं एकच खातं, मुलांची नावं कुठेच नाहीत. एवढं पुरे ना?

नोंदवही: नाही. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये बीट सेबर या व्हीआर गेमच्या ५० हजारांहून जास्त खेळाडूंचा डेटा तपासला. नाव नाही, चेहरा नाही. फक्त डोक्याच्या आणि हातांच्या १०० सेकंदांच्या हालचालींवरून ९४ टक्के अचूक ओळख पटली. हालचाल हीच सही झाली म्हणायची. पासवर्ड बदलता येतो, हात हलवायची ढब कशी बदलणार? त्यात आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण बालकच.

तेव्हा पत्रात 'हालचालींचा डेटा' असा शब्द स्पष्ट घाला. कोणतं अ‍ॅप, किती मिनिटं, डेटा कोणाकडे जातो हे लिहा. ऑफलाइन चालणारे धडे आधी शोधा, मायक्रोफोनची परवानगी काढून टाका, सोशल अ‍ॅप्स उडवा. नकार देणाऱ्या पालकांच्या मुलांसाठी तोच धडा प्रोजेक्टरवर दाखवायची सोय हवी, नाहीतर ती संमती नावापुरतीच.