सत्तरीनंतर सरकारी खर्चाने उपचार: सगळ्यांनाच?

निवांत
शेजारच्या काकांनी आयुष्मान वय वंदना कार्ड काढलं. दोन फ्लॅट, बँकेची पेन्शन, मुलगा अमेरिकेत. तरी वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मोफत! ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी गाठलेल्या कुणालाही हे मिळतं, उत्पन्नाची अट नाही. मला पटत नाही. पैसा कराचा आहे, आधी ऐपत नसलेल्याकडे जाऊ दे.

रोखठोक
साफ असहमत. अट आली की दाखला आला, आणि दाखला कुणाला पटकन मिळतो हे तहसील कचेरीत एकदा जाऊन बघा. शिवाय मध्यमवर्गीय म्हाताऱ्याने जायचं कुठे? एप्रिल २०२४ पर्यंत पासष्टीपुढच्याला आरोग्य विम्याची नवी पॉलिसी देणं कंपन्यांवर बंधनकारकच नव्हतं. आता वयाची अट गेली, पण प्रीमियम ऐकूनच बीपी वाढतं. काकांनी आयुष्यभर कर भरलाय हो.

मोरपंखी
तुम्ही दोघं ऑपरेशनवरच अडलात. माझ्या सासूबाईंना अर्धांगवायू झाला. हॉस्पिटलात नऊ दिवस, अंथरुणाला खिळून अडीच वर्षं. कार्डावर अॅडमिट असतानाचा खर्च आणि डिस्चार्जनंतर १५ दिवसांची औषधं, बस्स. रुग्णाला सांभाळणारी ब्युरोची बाई, डायपर, एअर बेड, फिजिओ सगळं आमच्या खिशातून. पेन्शनवाले काका असोत नाहीतर आमच्या सासूबाई, खरा खड्डा घरी पडतो.

अर्धाकप
जपानने यासाठी २००० साली वेगळा शुश्रूषा विमाच आणला. चाळिशीपासून प्रत्येकाने हप्ता भरायचा, निम्मा भार करातून. सेवा घेताना दहा ते तीस टक्के स्वतःचे, उत्पन्न पाहून. निवांत, तुमची ऐपतीची अट इथे बसते बघा. कार्ड नाकारायचं नाही, वाटा जास्त घ्यायचा.

रोखठोक
जपानात पगारातून कापतात. आमच्या कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याचा हप्ता कोण आणि कशातून कापणार?

अर्धाकप
त्याचा सरकारने भरावा. काकांचा काकांनी.

मोरपंखी
भाजीवाल्याकडे ब्युरोची बाई नसतेच, त्याची सून घरी बसते. आमची बाई गावी गेली की मीही बसायचे, बिनपगारी रजा टाकून. ते कुठल्या हिशोबात धरता?

निवांत
ताई, तुमचं मान्य. काकांबद्दलचं मात्र मागे घेत नाही. काल नवी गाडी घेतली त्यांनी.