भागाकार बरोबर, तरी स्वस्त पुडा चुकला. मुलीला कसं समजावू?

जुळे सोलापूरची आई:
मुलगी सातवीत आहे. काल शेंगा चटणी आणायला तिला बरोबर नेलं. 200 ग्रॅमचा पुडा 70 रुपये, अर्ध्या किलोचा 160. म्हटलं, कुठला परवडतो सांग. तिने पिशवीवरच गणित मांडलं. 200 ला 70 ने भागून 2.86, 500 ला 160 ने भागून 3.13. "आई, छोटा घे, 2.86 कमी आहे."

उत्तर उलटं आलंय हे मला दिसत होतं, पण का ते धड सांगता येईना. "ग्रॅमला रुपयांनी भागायचं नसतं" असं म्हणून मोकळी झाले. तेव्हापासून टोचतंय, कारण मी तिला काहीतरी खोटंच सांगितलं असं वाटतंय. घटक चाचणी आहेच, पण मार्कांपेक्षा तिला हे कळावं असं फार वाटतं.

निवृत्त गणित शिक्षक:
ताई, भागाकार अगदी योग्य आहे. तिला एकच विचारा, 2.86 काय? ते ग्रॅम आहेत, एका रुपयात मिळणारी चटणी. मोठ्या पुड्यात त्याच रुपयाला 3.13 ग्रॅम येतात, म्हणजे इथे मोठा आकडा फायद्याचा. उलट भागलं की ग्रॅमला 35 पैसे आणि 32 पैसे येतात, तिथे लहान आकडा फायद्याचा. एकमान पद्धतीत "आधी एकाची किंमत काढा" हे आपण घोकून घेतो, पण एक ग्रॅम की एक रुपया, हे सांगायचं राहून जातं. उत्तरापुढे एकक लिहिल्याशिवाय मी वर्गात पुढचं गणित घेत नसे.

गुणोत्तराचंही इथेच अडतं. 200 ग्रॅमला 500 ग्रॅम म्हणजे 2 : 5, दोन्हीकडे ग्रॅम, एकक उडालं. रुपये आणि ग्रॅम वेगळ्या जातीचे, म्हणून दराला एकक चिकटून राहतं.

चाटी गल्लीतला दुकानदार:
ताई, गिऱ्हाईक समोर असताना आम्ही असं करतो बघा. 200 चे 70, तर 100 चे 35, म्हणजे 500 चे 175 व्हायला हवेत. घेतात 160. पंधरा रुपये वाचले की! मात्र चटणी संपायच्या आत खवट झाली तर ते पंधराही गेले. आणि पॅकबंद मालावर एककाची किंमत छापलेली असते, किलोच्या आत असेल तर ग्रॅमची, वर असेल तर किलोची. ती तिला शोधायला लावा.

जुळे सोलापूरची आई:
सर, आज विचारलं, "2.86 काय गं?" जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "ग्रॅम... अगं, मग मोठाच घ्यायला हवा होता!" आता स्वयंपाकघरातला एकेक पुडा उलटून बघतेय. तेलापाशी अडलीय. पिशवी लिटरची, डबा 15 किलोचा. काय सांगू?

निवृत्त गणित शिक्षक:
पिशवीवर लिटरशेजारी वजनही छापलेलं असतं, साधारण 910 ग्रॅम. दोन्ही ग्रॅमवर आणायला सांगा, मग भागू द्या.