पट्टीच्या ओळी पट्टीनेच सेव्ह कराव्यात का? रेल्समधील नेस्टेड ॲट्रिब्यूट्सविषयी चर्चा

सीताबर्डीकर (धागा सुरू करताना)

नागपूरच्या कळमना बाजारातील एका अडत दुकानासाठी आम्ही रुबी ऑन रेल्समध्ये (वेब सॉफ्टवेअर लिहिण्याच्या एका चौकटीत) हिशोबपट्टीचे सॉफ्टवेअर लिहीत आहोत. शेतकऱ्याचा संत्र्याचा माल विकला गेला की त्याच्या हाती जो कागद पडतो, ती पट्टी. तिच्या वरच्या भागात शेतकऱ्याचे नाव, गाव आणि गाडी क्रमांक असतो. खाली प्रत्येक ढिगाची एकेक ओळ असते, किती क्रेट आणि काय दर. आणि शेवटी हमाली, तोलाई, उचल वजा होऊन हाती पडणारी रक्कम. डेटाबेसमध्ये पट्टी एका टेबलात आहे आणि ओळी दुसऱ्या. या ओळी पट्टीच्या ऑब्जेक्टमार्फतच सेव्ह कराव्यात की त्यासाठी वेगळा क्लास (कोडचा स्वतंत्र घटक) लिहावा, यावरून आमच्या चमूत दोन तट पडले आहेत, म्हणून हा धागा.

माझे मत असे की ओळीला पट्टीबाहेर काही अस्तित्वच नाही. ओळ एकटी जन्मत नाही, एकटी कोणाला दाखवली जात नाही आणि पट्टी रद्द झाली की तिचाही काही उपयोग उरत नाही. अशा ठिकाणी पट्टी हेच एकमेव दार असावे आणि सगळ्यांनी त्याच दारातून आत यावे. रेल्सने २००९ साली २.३ या आवृत्तीत ‘ॲक्सेप्ट्स नेस्टेड ॲट्रिब्यूट्स फॉर’ ही सोय दिली ती नेमकी यासाठीच. पट्टीच्या मॉडेलमध्ये, म्हणजे पट्टीचे टेबल सांभाळणाऱ्या कोडमध्ये, ही एक घोषणा केली की फॉर्ममधून आलेला ओळींचा संच पट्टी स्वतःच स्वीकारते. ज्या ओळीसोबत आयडी आला ती बदलते, जिच्यासोबत आला नाही ती नवी तयार करते आणि परवानगी दिली असेल तर खोडायची खूण केलेली ओळ काढून टाकते. हे सारे पट्टीच्या एका सेव्हमध्ये, एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळे लिहिले जाईल किंवा काहीच नाही, अशा गठ्ठ्यात) घडते, त्यामुळे तिसऱ्या ओळीत दर भरायचा राहिला असेल तर पट्टीही सेव्ह होत नाही आणि पहिल्या दोन ओळीही होत नाहीत. दुकानदाराला हवे असते तेही हेच, की कागद एक तर पूर्ण निघावा, नाही तर निघूच नये.

धंतोलीकर

सीताबर्डीकर, ‘एकच दार’ ही कल्पना मला मान्य आहे. पण हे दार तुमच्या मॉडेलने नव्हे, तुमच्या स्क्रीनवरच्या फॉर्मने बसवलेले आहे, हे तुम्ही लक्षात घेतलेले दिसत नाही. आयडी आला तर बदला, नाही आला तर नवे करा, ही भाषा फॉर्मची आहे. पट्टीला ‘ढीग वाढव’, ‘दर दुरुस्त कर’, ‘ओळ रद्द कर’ या क्रिया कळायला हव्यात. त्याऐवजी आपण तिच्यापुढे एक हॅश, म्हणजे रकान्यांची नावे आणि त्यांत भरलेले यांच्या जोड्यांचा संच, टाकतो आणि तिने त्यातून काय ते ओळखावे, अशी अपेक्षा ठेवतो.

याचा फटका मी स्वतः खाल्ला आहे. अशाच एका दुकानाच्या सॉफ्टवेअरमध्ये चार ओळींची पट्टी होती, १२, १८, ९ आणि ७ क्रेट, एकूण ४६. मुनीमजींनी दुसऱ्या दिवशी ती पट्टी उघडली, फक्त गाडी क्रमांकातील एक अंक दुरुस्त केला आणि सेव्ह केले. पट्टीवर आठ ओळी झाल्या आणि क्रेट ९२. कुठेही एरर आली नाही, लॉगमध्ये लाल रंगाची एक रेघही नव्हती. कारण एवढेच की कंट्रोलरमध्ये (फॉर्म स्वीकारणाऱ्या कोडमध्ये) परवानगी दिलेल्या रकान्यांच्या यादीत क्रेट होते, दर होता, पण ओळीचा आयडी लिहायचा राहिला होता. रेल्स ४ पासून अशी यादी द्यावीच लागते आणि यादीत नसलेला रकाना मुकाट्याने गाळला जातो. आयडी गळाला, म्हणून प्रत्येक जुनी ओळ पट्टीला नवी वाटली. हमालीचा आकडा पाहून हमालांच्या मुकादमानेच विचारले की काल एवढा माल उतरवला कोणी, तेव्हा चूक सापडली. ज्या सोयीतील चूक प्रोग्रामरच्या आधी हमालाला दिसते, तिच्यावर मी तरी भरवसा ठेवणार नाही.

मी अशा ठिकाणी पट्टी-नोंदणीचा वेगळा साधा क्लास लिहितो. तो फॉर्मकडून माहिती घेतो, तपासतो, ट्रान्झॅक्शन उघडतो आणि काय करायचे ते स्पष्ट शब्दांत करतो. पन्नास ओळी जास्त लिहाव्या लागतात, पण त्या वाचता येतात.

महालचा रहिवासी

धंतोलीकर साहेब, किस्सा खरा असेल, पण त्यात दोष परवानगीच्या यादीचा आहे. तुमच्या वेगळ्या क्लासलाही ती यादी लागतेच, आणि तिथे आयडी विसरला तर तुमच्याही पट्टीवर आठ ओळी येतील.

हाताने लिहिलेल्या ट्रान्झॅक्शनचे मी पाहिलेले एक रूप सांगतो. ब्लॉकमध्ये आधी पट्टी सेव्ह केली होती, मग ओळींवर लूप चालवून प्रत्येक ओळ सेव्ह केली होती, आणि लिहिणाऱ्याला वाटत होते की ट्रान्झॅक्शनमध्ये आहे म्हणजे सुरक्षित आहे. प्रत्यक्षात साधे सेव्ह फसले तर केवळ फॉल्स परत देते. अपवाद (काम थांबवणारी एरर) उद्भवत नाही आणि अपवाद उद्भवला नाही तर रोलबॅकही होत नाही, म्हणजे आधी लिहिलेले मागे घेतले जात नाही. फसल्यावर अपवाद उठवणारे उद्गारचिन्हाचे सेव्ह (save!) लिहायला हवे होते. ते एक चिन्ह राहिल्यामुळे तिसरी ओळ नसलेल्या पट्ट्या आठवडाभर छापल्या जात होत्या. पॅरेंटमार्फत, म्हणजे पट्टीमार्फत, सेव्ह केले असते तर ही चूक करायला जागाच नव्हती.

दुसरे असे की फॉर्ममध्ये कोणी खोडसाळपणे दुसऱ्याच पट्टीच्या ओळीचा आयडी घातला तर नेस्टेड ॲट्रिब्यूट्स ती ओळ या पट्टीची नाही म्हणून रेकॉर्ड सापडले नसल्याचा अपवाद उठवते. हाताने लिहिणारे बहुतेक जण ओळींच्या टेबलात सरळ आयडीने शोधतात आणि दुसऱ्याची ओळ बदलून बसतात.

धंतोलीकर

उद्गारचिन्हाचा मुद्दा मान्य. तसे लिहिणाऱ्याला मीही ओरडलो असतो. पण तुमची सोय जिथे खरोखर गोंधळ घालते ती जागा वेगळीच आहे.

पट्टीवर एकूण रक्कम साठवायची आहे, म्हणून प्रोग्रामर पट्टीच्या सेव्हपूर्वीच्या कॉलबॅकमध्ये (सेव्हच्या आधी आपोआप चालणाऱ्या कोडमध्ये) ओळींची बेरीज करतो. त्याने ती बेरीज डेटाबेसला विचारून केली तर जुनी बेरीज मिळते, कारण बदललेल्या ओळी पट्टीच्या नंतर लिहिल्या जातात. हे कळल्यावर तो मेमरीतील ओळींची बेरीज करतो; आता नवे दर बरोबर येतात, पण मुनीमजींनी खोडायची खूण केलेली ओळही त्या बेरजेत मोजली जाते, कारण ती अजून पट्टीला चिकटलेलीच आहे, तिच्यावर फक्त खूण आहे. खूण असलेल्या ओळी वगळून बेरीज करायची, हे त्याला तिसऱ्या खेपेला कळते. ‘पट्टीवर किमान एक ओळ हवी’ हे व्हॅलिडेशन (सेव्हपूर्वीची तपासणी) ओळी स्वतः मोजून लिहिले तर तेही असेच फसते: सर्व ओळी खोडल्या तरी मोजणी चारच येते, पट्टी वैध ठरते आणि मागे कोरा कागद उरतो. घोषणा एका ओळीची आहे हे खरे. तिच्यामागे काय क्रमाने घडते हे समजून घ्यायला मात्र मला दोन वर्षे लागली.

रेल्सच्या जनकाने, डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनीही ही सोय काढून टाकण्याची इच्छा जाहीरपणे व्यक्त केली होती, तीही उगाच नव्हे.

सीताबर्डीकर

इच्छा व्यक्त केली, पण सोय रेल्समध्ये अजून आहे, हेही सांगायला हवे.

या चर्चेत दोन वेगळ्या गोष्टी एकत्र मळल्या जात आहेत असे मला वाटते. फॉर्मचा हॅश स्वीकारणे ही एक गोष्ट, आणि पॅरेंटबरोबर चाइल्ड रेकॉर्ड (इथे ओळी) सेव्ह होणे ही दुसरी. दुसरी गोष्ट पहिलीशिवायही मिळते. पट्टी नवी असताना तिच्यावर ओळी बिल्ड करून (सेव्ह न करता मेमरीत तयार करून) ठेवल्या आणि पट्टी सेव्ह केली तर ओळी आपोआप सेव्ह होतात, त्यासाठी कोणतीच घोषणा लागत नाही. जुन्या ओळींमधील बदलही सोबत जावेत असे वाटत असेल तर पट्टी आणि ओळी यांच्या असोसिएशनवर (नात्यावर) ऑटोसेव्ह चालू करावे लागते. नेस्टेड ॲट्रिब्यूट्सची घोषणा हे काम आपल्या वतीने करून टाकते, एवढेच. म्हणजे धंतोलीकर यांना हवी असलेली ‘ढीग वाढव’ ही मेथड पट्टीवर लिहून, हॅशचा मार्ग बंद ठेवून, शेवटी एकच सेव्ह करता येते. माझा आग्रह त्या एका सेव्हचा आहे.

मात्र तसे लिहिताना ओळ बिल्डनेच जोडावी. सेव्ह झालेल्या पट्टीच्या ओळींमध्ये दुहेरी बाणाने (<<) नवी ओळ ढकलली किंवा सगळा संच बरोबरच्या चिन्हाने (=) बदलला, तर रेल्स पट्टीच्या सेव्हची वाट न पाहता तत्क्षणी डेटाबेसमध्ये लिहिते. आमच्याकडे एका प्रिव्ह्यू स्क्रीनने याच मार्गाने खऱ्या ओळी पुसल्या होत्या.

इतवारीचा डेटाबेसवाला

आपण सारे वरच्या मजल्यावर भांडत आहात आणि तळमजल्याचे कुलूप कोणीच पाहत नाही.

एकाच पट्टीवर एकाच ढीग क्रमांकाच्या दोन नव्या ओळी एका फॉर्ममधून आल्या, तर मॉडेलमधील युनिकनेसचे (क्रमांक दुबार नसल्याचे) व्हॅलिडेशन प्रत्येक ओळीसाठी डेटाबेसला विचारते, डेटाबेसमध्ये अद्याप दोन्ही नसतात, म्हणून दोन्ही पास होतात. उलट मुनीमजींनी जुनी ओळ खोडून त्याच क्रमांकाची नवी घातली तर ती विनाकारण नापास होते, कारण तपासणीच्या वेळी जुनी ओळ टेबलात अजून जिवंत असते. पट्टी आणि ढीग क्रमांक मिळून युनिक इंडेक्स (दुबार जोडी डेटाबेसनेच नाकारावी म्हणून), ओळीवर फॉरेन की (नसलेल्या पट्टीची ओळ राहू नये म्हणून) आणि पट्टीचा रकाना रिकामा न चालणारा, एवढे टेबलावर बसवा. मग वर कोणती शैली वापरता याने माझी झोप उडत नाही.

आणखी एक, ज्याबद्दल कोणी बोलले नाही. हंगामात एकच पट्टी दोन काउंटरवर उघडी असते. आपण पट्टीवर लॉक व्हर्जनचा रकाना (मधल्या काळात दुसऱ्याने बदल केला का, हे ओळखणारा आकडा) ठेवला, फॉर्ममधूनही तो फिरवला आणि निश्चिंत झालो. पण फक्त ओळ बदलली आणि पट्टीचा स्वतःचा एकही रकाना बदलला नाही, तर पट्टीची टेबलातील नोंद (रो) लिहिलीच जात नाही आणि तिचा व्हर्जनही वाढत नाही. एकूण रक्कम पट्टीवर साठवत असाल तर दर बदलल्यावर ती बदलते आणि योगायोगाने बचाव होतो. ओळीवरचा नुसता शेरा बदलला तर तेवढाही होत नाही, आणि शेवटी सेव्ह करणाऱ्याचा शेरा टिकतो.

अंबाझरी, अंतिम वर्ष

मी अजून शिकत आहे, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर क्षमा असावी. पूर्ण कोऱ्या ओळी गाळण्यासाठी मी ‘ऑल ब्लँक’चा पर्याय लावला आहे, तरीही फॉर्मच्या तळाशी असलेली कोरी ओळ दर नसल्याची एरर देते आणि पट्टी अडवते. ओळ कोरी आहे हे मला दिसते, मग रेल्सला का दिसत नाही?

महालचा रहिवासी

त्या ओळीत मापासाठी ‘क्रेट’ आधीच निवडलेला ड्रॉपडाउन आहे का, ते पाहा. असेल तर ओळ कोरी नाही, कारण एका रकान्यात काहीतरी भरलेले आहे. ऑल ब्लँक सोडा आणि दर व संख्या दोन्ही रिकामे असतील तरच ओळ गाळणारी स्वतःची अट लिहा.

अंबाझरी, अंतिम वर्ष

ड्रॉपडाउनच निघाला. आभारी आहे.

धंतोलीकर

पाहा, शिकणाऱ्या मुलाला ही अट मॉडेलमध्ये लिहावी लागली. फॉर्मवर कोणता ड्रॉपडाउन आधी भरलेला आहे, याची दखल पट्टीच्या मॉडेलने का घ्यावी? उद्या मोबाइल ॲपवरून ओळी येतील, तिथे ड्रॉपडाउन नसेल, अट मात्र तशीच राहील.

सीताबर्डीकर

या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नाही आणि ओढूनताणून देणारही नाही. ती अट फॉर्मच्या बाजूची आहे.

दोन दिवस चमूत बसून आम्ही असे ठरवले आहे. ओळी पट्टीमार्फतच सेव्ह होतील आणि नेस्टेड ॲट्रिब्यूट्स राहील. उचल मात्र तिथून काढली आहे. उचल शेतकऱ्याच्या खात्यातील रक्कम असते, ती पट्टीच्या आधी दिलेली असते आणि कधी एका पट्टीतून अर्धी, पुढच्या पट्टीतून अर्धी वळती होते. पट्टी खोडली म्हणून तिने नाहीसे होणे चालणार नाही. ती आम्ही पट्टीच्या फॉर्ममध्ये आणखी एक नेस्टेड संच म्हणून घातली होती, ही आमची चूक होती, आणि धंतोलीकर यांचा वेगळा क्लास तिथे शोभतो. शेतकऱ्याला जाणारा एसएमएसही सेव्हनंतरच्या कॉलबॅकमधून कमिटनंतरच्या (ट्रान्झॅक्शन पक्के झाल्यानंतरच्या) कॉलबॅकमध्ये हलवला आहे, कारण रोलबॅक झालेल्या पट्टीचा एसएमएस काटोलला पोहोचला तर तो परत बोलावता येत नाही. इतवारीकरांचे इंडेक्स आजच बसवत आहोत. चार ओळींची पट्टी घेऊन फक्त गाडी क्रमांक बदलायचा आणि ओळी चारच राहतात का ते पाहायचे, अशी टेस्टही लिहिली आहे.

धंतोलीकर

टेस्ट मॉडेलची लिहिली आहे की कंट्रोलरची? मॉडेलच्या टेस्टमध्ये तुम्ही आयडी स्वतःच्या हाताने देता, परवानगीची यादी मध्ये येतच नाही. माझीही तीच टेस्ट होती आणि ९२ क्रेट छापले गेले त्या दिवशीही ती हिरवीच (म्हणजे पास) होती.

सीताबर्डीकर

मॉडेलची होती. बदलतो आहे.