आठव्या वर्षीच ‘कान नाही’ असे ठरवता येते का?

प्रश्न (पालक, कोथरूड)
माझी ८ वर्षांची मुलगी जूनपासून पेटी शिकते आहे. काळी ३ मध्ये (तिसरी काळी पट्टी ‘सा’ धरून) भूप रागाचे अलंकार (सरावाचे स्वरसमूह) ती सफाईने वाजवते. परवा सरांनी काळी १ चा षड्ज (सा) धरायला सांगितला, तेव्हा गंधारासाठी (ग) पांढरी ४ ऐवजी तिने काळी ३ च दाबली आणि मध्यम (म) लागल्याचे तिच्या लक्षातही आले नाही. ‘हिला उपजत कान नाही,’ असे सर म्हणाले. संगीताच्या प्रारंभिक परीक्षेला बसवावे, की शिकवणीच थांबवावी?

उत्तर (पेटीशिक्षक, सदाशिव पेठ)
काळी ३ मध्ये भूपाचे पाचही स्वर काळ्या पट्ट्यांवरच येतात, त्यामुळे कान न लावताही बोटे बरोबर पडतात. परवा उघडी पडली ती बोटांची सवय. कान अजून कोणी तपासलेलाच नाही. अमेरिकी संशोधक एडविन गॉर्डन यांनी उपजत क्षमता आणि शिकून आलेले कौशल्य यांत फरक केला होता. लहान मुलांसाठी १९७९ मध्ये आलेल्या त्यांच्या चाचणीत वाद्य वाजवायचेच नसते; दोन छोटे सांगीतिक तुकडे ऐकून ते सारखे की वेगळे, एवढेच सांगायचे असते. ही क्षमता साधारण ९ व्या वर्षापर्यंत भोवतीच्या संगीतानुसार बदलते, असे त्यांचे मत होते. त्या वयानंतर ती स्थिरावते, हे त्यांचे म्हणणे मला जरा ताठर वाटते. तरी तुमच्या मुलीबाबत निकाल देण्याची घाई झाली, हे नक्की. तानपुरा लावून ‘सारेग, रेगप, गपध’ आधी गाऊन घ्या, मगच पट्ट्यांवर.

उत्तर (तबलावादक, कर्वेनगर)
आमच्याकडे याच कारणासाठी पढंत (तबल्याचे बोल आधी तोंडाने म्हणणे) असते. हातावर टाळी-खाली दाखवत तीनतालाचा ठेका म्हणताना जो विद्यार्थी ९ व्या मात्रेला, म्हणजे ‘खाली’च्या (टाळी न देण्याच्या) जागी, घाई करतो, त्याची लय तबल्यावरही तिथेच पळते.

उत्तर (गायनाची विद्यार्थिनी, औंध)
गाऊन घेण्याबाबत एक दुरुस्ती सुचवते. गळा फिरत नाही म्हणून गप्प बसणाऱ्या मुलांचा कान अनेकदा उत्तम असतो. त्यामुळे आधी तुम्ही पेटीवर मुद्दाम एक स्वर चुकवा आणि कोणता चुकला, हे तिला ओळखू द्या.

पेटीशिक्षक
हे मान्य. परीक्षेचा अर्ज मात्र या सत्रात भरू नका. नेमलेले राग पाठ करण्याच्या नादात हे सगळे मागे पडेल.