जुन्या लॅपटॉपवर लिनक्स: घरातल्या रोजच्या वापराला पुरेल का?

प्रश्न: अनुस्वार

आमच्या घरी २०१६ साली घेतलेला एक लॅपटॉप आहे. इंटेलचा सहाव्या पिढीचा प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि मागाहून बसवलेली एसएसडी असे त्याचे स्वरूप असून यंत्र अजून ठणठणीत आहे. विंडोज १० ची नियमित अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० या सुरक्षा चिपबरोबरच इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे या लॅपटॉपला अधिकृतपणे पुढची वाट उरलेली नाही. घरगुती वापरकर्त्यांसाठी जाहीर झालेल्या वाढीव सुरक्षा अद्यतनांची मुदतही ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच आहे. चांगले चालणारे यंत्र केवळ त्यावरच्या प्रणालीची मुदत संपली म्हणून टाकून द्यावे, हे माझ्या मनाला पटत नाही आणि म्हणूनच मी विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या लिनक्स या प्रणालीचा विचार करू लागलो आहे.

लॅपटॉप मुख्यतः माझे वडील वापरतात. ईमेल, बँकेचे संकेतस्थळ, बातम्या, मराठीतून बरेचसे लेखन आणि अधूनमधून कागदपत्रे छापणे व स्कॅन करणे, एवढे त्यांचे काम असते. आई त्यावरून माझ्या बहिणीशी व्हिडिओ कॉलवर बोलते. मी स्वतः घराचा हिशेब एक्सेलच्या एका वर्कबुकमध्ये ठेवतो आणि त्यात वर्षानुवर्षे जमवलेले मॅक्रो, म्हणजे ठरावीक कामे आपोआप करणाऱ्या छोट्या आज्ञावल्या, आहेत. मी संगणक क्षेत्रातला नाही. ज्यांना विचारले त्यांपैकी काहींनी डोळे झाकून बदल करा असे सांगितले, तर काहींनी तो प्रोग्रामर मंडळींचा प्रांत आहे, वडिलांना त्यात ओढू नका, असा सल्ला दिला. वडिलांची स्वतःची एक शंका आहे आणि ती मला रास्त वाटते: ज्या प्रणालीचा कोड कोणालाही वाचता येतो, तिच्यावरून बँकेचे व्यवहार करणे सुरक्षित कसे मानायचे? ज्यांनी घरात, विशेषतः ज्येष्ठांसाठी, हा बदल केला आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर: पायवाट

माझ्या आईच्या संगणकावर गेली सहा वर्षे मिंट हा लिनक्सचा एक प्रकार आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. लिनक्स चांगले की वाईट या वादात शिरण्यापूर्वी आपल्या घरातले कोणते काम एखाद्या ठरावीक प्रोग्रामला किंवा उपकरणाला बांधलेले आहे, हे कागदावर लिहून काढावे. ईमेल, बातम्या, बँक आणि व्हिडिओ कॉल ही चारही कामे आज ब्राउझरमध्ये होतात, आणि फायरफॉक्स किंवा क्रोम लिनक्सवर तसाच दिसतो व तसाच वागतो. आईला पहिल्या आठवड्यात जाणवलेला फरक एवढाच होता की संगणक बंद करण्याचे बटण वेगळ्या रंगाचे होते. ती प्रणाली वापरत नव्हती, ब्राउझर वापरत होती, हे मलाही तेव्हाच लक्षात आले.

लिनक्स हे खरे तर लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली सुरू केलेल्या कर्नलचे, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याचे, नाव आहे. त्याभोवती इतर सॉफ्टवेअर रचून वेगवेगळ्या संस्था आणि गट जे तयार संच देतात, त्यांना डिस्ट्रिब्युशन म्हणतात. नवख्या माणसाचा गोंधळ येथेच होतो, कारण असे संच शेकडो आहेत आणि प्रत्येकाचे चाहते आग्रही असतात. विंडोजची सवय असलेल्या ज्येष्ठांसाठी मी मिंटची सिनॅमन आवृत्ती सुचवेन. खाली टास्कबार, डाव्या कोपऱ्यात मेनू आणि डेस्कटॉपवर फोल्डर ही मांडणी त्यांना ओळखीची वाटते. तुमच्या यंत्राला ती सहज झेपेल; रॅम ४ जीबी असती तर हलकी एक्सएफसीई आवृत्ती घ्या असे म्हटले असते, पण तेवढ्या रॅममध्ये खरी अडचण ब्राउझरच्या उघड्या टॅबमुळे येते आणि ती कोणतीही प्रणाली दूर करू शकत नाही. मिंट २२ ही मालिका उबुंटू या दुसऱ्या डिस्ट्रिब्युशनच्या २४.०४ आवृत्तीवर आधारलेली असून तिला २०२९ पर्यंत अद्यतने मिळणार आहेत. शिवाय तिच्यात टाइमशिफ्ट नावाची सोय आहे. एखाद्या अद्यतनानंतर काही बिघडले तर प्रणाली आदल्या दिवशीच्या स्थितीत परत नेता येते. मात्र हा आपल्या फाइलींचा बॅकअप नव्हे. फोटो आणि कागदपत्रे वेगळ्या डिस्कवर ठेवावीच लागतात.

आता बांधलेल्या कामांविषयी. लिबरऑफिस हे २०१० मध्ये ओपनऑफिसपासून वेगळे झालेले कार्यालयीन सॉफ्टवेअर आहे आणि घरगुती पत्रे व साध्या तक्त्यांसाठी ते पूर्ण समर्थ आहे. वर्डमध्ये तयार केलेल्या फाइलची मांडणी त्यात विस्कटते ती बहुधा फॉन्टमुळे. कॅलिब्री आणि कॅम्ब्रियाच्या जागी त्याच रुंदीची अक्षरे असलेले कार्लिटो आणि कॅलाडिया हे मुक्त फॉन्ट बसवले की ओळी आणि पाने बव्हंशी जागच्या जागी येतात. मॅक्रोंचे तसे नाही. एक्सेलमधील मॅक्रो ज्या भाषेत लिहिलेले असतात ती लिबरऑफिसला काही प्रमाणातच कळते, त्यामुळे तुमचे वर्कबुक सर्वांत आधी तपासा; लिबरऑफिस विंडोजवरही चालते, म्हणून ही परीक्षा काहीही न बदलता आजच घेता येईल. फोटोशॉप आणि एक्सेलची डेस्कटॉप आवृत्ती लिनक्ससाठी निघतच नाही. घरात कोणी खेळ खेळत असेल तर तेही विचारात घ्या. २०१८ मध्ये आलेल्या प्रोटॉन या सॉफ्टवेअरमुळे विंडोजचे पुष्कळ खेळ लिनक्सवर चालू लागले, पण खेळात लबाडी करणाऱ्यांना रोखण्यासाठी प्रणालीच्या गाभ्यात शिरणारे सॉफ्टवेअर वापरणारे कित्येक सामूहिक खेळ अजूनही चालत नाहीत.

यादी झाली की पेनड्राइव्हवर मिंट उतरवून त्यावरून लॅपटॉप सुरू करा. याला लाइव्ह सत्र म्हणतात. आपण स्वतः इन्स्टॉलचा पर्याय निवडेपर्यंत डिस्कवर काहीही लिहिले जात नाही. वेग थोडा मंद वाटेल, तो पेनड्राइव्हचा दोष असतो. या सत्रात वाय-फाय, आवाज, कॅमेरा, टचपॅड, झाकण मिटल्यावर झोपणे व उघडल्यावर जागे होणे आणि प्रिंटर यांची तपासणी निवांत करा. विंडोज ठेवून शेजारी लिनक्स बसवायचे असेल तर आधी बिटलॉकरची (विंडोजमधील डिस्क कुलूपबंद करणाऱ्या सोयीची) रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा, कारण संगणक सुरू होण्याच्या (बूटच्या) मांडणीत बदल झाल्यावर विंडोज ती मागू शकते आणि ती हाताशी नसेल तर स्वतःचाच डेटा कुलूपबंद होतो. विंडोजमधील फास्ट स्टार्टअपही बंद करा, नाहीतर विंडोजचे पार्टिशन (डिस्कवरचा विभाग) अर्धवट झोपलेल्या स्थितीत राहते आणि लिनक्समधून त्यात काही लिहिता येत नाही.

उत्तर: परतीचा प्रवासी

मी वरील मताचा आदर करतो, पण दुसरी बाजूही मांडली जायला हवी. मी सासऱ्यांच्या संगणकावर लिनक्स बसवले होते आणि दोन वर्षांनी विंडोजवर परत आलो. प्रणालीत मोठा दोष निघाला असे मुळीच नाही. ते दुसऱ्या गावी राहतात आणि काही अडले की त्यांच्या शेजारीपाजारी, नात्यात किंवा दुरुस्तीवाल्याकडे लिनक्स जाणणारा कोणीही नव्हता. विंडोजवर अडले तर निदान चार माणसे खांदा द्यायला येतात. येथे प्रत्येक प्रश्न, मग तो अक्षरे लहान झाल्याचा का असेना, माझ्यापर्यंत यायचा, आणि मी कामात असलो की ते दोन दोन दिवस अडून राहायचे. एका स्वावलंबी माणसाला मी नकळत परावलंबी केले, ही गोष्ट मला आजही खटकते. अधूनमधून इंटरनेटवर उत्तरे शोधून त्यांनी टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, आज्ञा चिकटवल्या, त्यांतल्या काही दुसऱ्याच डिस्ट्रिब्युशनसाठी होत्या, आणि त्यामुळे गुंता वाढला.

म्हणून माझा एकच प्रश्न आहे: तुम्ही आणि वडील एकाच घरात राहता का? राहत असाल तर माझ्या आक्षेपातील बराचसा जोर निघून जातो. राहत नसाल तर बदल करण्यापूर्वी दूरून त्यांचा पडदा पाहता येईल अशी व्यवस्था करा आणि ती चालते आहे याची खात्री झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. स्कॅनरविषयीही सावध करतो. नेटवर्कवरून चालणारे अलीकडचे बहुतेक प्रिंटर वेगळ्या ड्रायव्हरशिवाय (उपकरण चालवणाऱ्या सॉफ्टवेअरशिवाय) ओळखले जातात, परंतु यूएसबीने जोडलेल्या जुन्या स्कॅनरचे नशीब त्याच्या निर्मात्याने लिनक्ससाठी काही केले आहे की नाही, यावर ठरते.

उत्तर: वेलांटी

वडील मराठीत लिहितात म्हणून थोडेसे त्याविषयी. मिंटमध्ये भाषा आणि इनपुट मेथडच्या सेटिंगमधून आयबस ही टंकनाची सोय सुरू केली की इनस्क्रिप्ट हा भारतीय भाषांचा प्रमाण कीबोर्ड आणि रोमन अक्षरांवरून मराठी उमटवणारी पद्धत असे दोन्ही पर्याय मिळतात. ते इनस्क्रिप्टने टंकन करत असतील तर बोटांना नवे काहीही शिकावे लागणार नाही. खरी अडचण युनिकोडपूर्व काळातल्या, म्हणजे सर्व भाषांची अक्षरे साठवण्याची आजची सामाईक पद्धत रूढ होण्यापूर्वीच्या, फाइलींची असते. जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर त्या फॉन्टशिवाय निरर्थक इंग्रजी अक्षरांसारखा दिसतो. फॉन्टची फाइल लिनक्सवर बसवता येते, पण त्या फॉन्टसाठीचे कीबोर्ड सॉफ्टवेअर सहसा चालत नाही. असा संग्रह असेल तर विंडोज शिल्लक असतानाच तो युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्या, आणि रूपांतरानंतर जोडाक्षरे व रफार एकदा डोळ्यांखालून घाला, कारण चुका तेथेच राहतात.

उत्तर: उघडी खिडकी

वडिलांच्या शंकेला कोणी हात घातला नाही, आणि मला ती या चर्चेतली सर्वांत मोलाची वाटते. कोड उघडा असणे म्हणजे तिजोरीची किल्ली उघड्यावर असणे नव्हे. कुलूप कसे घडवले आहे हे सर्वांना पाहता येते, किल्ली म्हणजे तुमचा पासवर्ड मात्र तुमच्यापाशीच राहतो. तरीही उघडेपणा आपोआप संरक्षण देतो असे मी म्हणणार नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या, फाइली आकुंचित करणाऱ्या एका साध्या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमध्ये मुद्दाम पेरलेले चोरदार सापडले. ते पेरणाऱ्याने दोनेक वर्षे मदतनीस म्हणून काम करून विश्वास संपादन केला होता. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरस्थ लॉगिनला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे जाणवले, त्यांनी कारण खोदत नेले आणि प्रकार उजेडात आणला. डेबियन आणि उबुंटू या डिस्ट्रिब्युशनच्या स्थिर आवृत्त्यांपर्यंत तो पोहोचण्यापूर्वीच हे घडले.

या घटनेतून मी दोन गोष्टी घेतो. बाहेरच्या माणसाला तपास करता आला, कारण कोड त्याच्यासमोर होता. आणि घरगुती वापरासाठी दीर्घ मुदतीची स्थिर आवृत्तीच घ्यावी, कारण ताजे बदल तिच्यात उशिरा आणि पारखून येतात. बँकेपुरते बोलायचे तर वडिलांना खरा धोका फसव्या दुव्यांचा आणि अनोळखी फोनवरून संकेतांक विचारणाऱ्यांचा आहे, आणि तो कोणत्याही प्रणालीवर सारखाच राहतो. अद्यतने बंद झालेल्या विंडोज १० वरून व्यवहार करत राहण्यापेक्षा अद्ययावत लिनक्स निश्चितच बरे, असे मी त्यांना सांगेन.

पुन्हा प्रश्नकर्ता: अनुस्वार

सर्वांचे मनापासून आभार. आम्ही एकाच घरात राहतो, त्यामुळे तो आक्षेप आमच्याबाबतीत सौम्य होतो, तरी तो मी मनात ठेवला आहे. गेल्या दोन रविवारी लाइव्ह सत्रात सगळे तपासले. वाय-फाय, आवाज आणि कॅमेरा पहिल्या फटक्यात चालले आणि आईने बहिणीला फोन लावून अर्धा तास बोलणेही केले. प्रिंटर आपोआप सापडला. यूएसबीवरचा जुना स्कॅनर मात्र ओळखला गेला नाही. माझ्या वर्कबुकमधील सात मॅक्रोंपैकी तीन लिबरऑफिसमध्ये अडले, म्हणून हिशेब माझ्या कार्यालयीन संगणकावरच राहील. वडिलांच्या जुन्या फॉन्टमधल्या ४० फाइली निघाल्या. त्यांचे रूपांतर मी रोज चार-पाच याप्रमाणे करतो आहे आणि रफार ते स्वतः तपासत आहेत. ते काम संपेपर्यंत विंडोज काढणार नाही. एक्सझेडची हकिकत त्यांना वाचून दाखवली, तेव्हा त्यांनी दोनदा विचारले की तो अर्धा सेकंद त्या माणसाच्या लक्षात आला तरी कसा. त्यानंतर त्यांनी आपणहून लाइव्ह सत्रात बसून इनस्क्रिप्टने एक पत्र लिहिले.

स्कॅनर फेकून न देता चालवण्याचा काही मार्ग कोणाला ठाऊक असेल तर जरूर लिहावे. तोवर कागदांचे फोटो मोबाइलने काढून काम भागवू.