अनुभव धागा : रात्री टक्क जागी असणारी पोरं

एक ते चार वर्षांची मुलं आणि त्यांची रात्रीची झोप, एवढ्यापुरताच हा धागा. "मोठं झालं की आपोआप झोपेल" हे सगळ्यांनी ऐकलेलं आहे; तोवर काय करायचं ते लिहा. काय करायचं, किती वाजता, किती दिवस आणि गाडी कुठे अडते. तान्ह्या बाळांची गणितं वेगळी असतात, ती इथे नकोत.

*

आधी "झोपत नाही" म्हणजे नेमकं काय, ते ठरवा. अंथरुणावर तासभर लोळतं पण डोळा लागत नाही, हा एक प्रकार. पटकन झोपतं पण दर तास-दीड तासाने रडत उठतं, हा दुसरा. मध्यरात्री उठून दोन तास मजेत खेळत बसतं, हा तिसरा. पहाटे साडेचारलाच दिवस सुरू, हा चौथा. एकाचा उपाय दुसऱ्याला लावला की असलेलीही झोप बिघडते.

सात दिवस कागदावर नोंद ठेवा: सकाळी कधी उठलं, दुपारी कधी ते कधी झोपलं, रात्री अंथरुणावर कधी नेलं, प्रत्यक्ष डोळा कधी लागला, मध्ये कधी उठलं आणि परत कशाने झोपलं. हा शेवटचा रकाना लोक रिकामा सोडतात, आणि उपयोगाचा तोच असतो. नोंद फोनवर नको. अंधारात पडदा उजळला की मूल आणखी जागं होतं.

आठवड्याची सरासरी काढा. एक-दोन वर्षांच्या मुलांना दुपारच्या झोपेसकट ११ ते १४ तास लागतात, तीन-चार वर्षांच्यांना १० ते १३. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या मार्गदर्शक सूचनांतही हेच आकडे आहेत. ही मर्यादा बरीच रुंद आहे. अकरा तासांत ताजंतवानं होणाऱ्या मुलाला तेरा तास झोपवण्याच्या हट्टापायीच निम्मी घरं जागतात, असं माझं मत आहे.

*

वरच्या तिसऱ्या प्रकाराबद्दल, म्हणजे रात्री एक ते तीन खेळणाऱ्या मुलांबद्दल. हा बहुतेक वेळा नुसता हिशोबाचा घोटाळा असतो.

समजा सरासरी साडेअकरा तास आली. दुपारी अडीच तास झोप होते. रात्रीसाठी उरले नऊ. मूल साडेआठला झोपवलं आणि साडेसातला उठवलं, तर अंथरुणावर अकरा तास झाले. नऊ तासांची झोप अकरा तासांवर पसरायची म्हटल्यावर मध्ये दोन तासांचं भोक पडणारच. मूल आजारी नसतं, हट्टीही नसतं, त्याची झोप पुरी झालेली असते.

दुपारची झोप दर दोन दिवसांनी १५ मिनिटांनी कमी करत दीड तासावर आणा. मग रात्रीला दहा तास मिळतात. नऊ ते सात ठेवा. परिणाम दिसायला आठ-दहा दिवस लागतात. दुपारची झोप तोडणं आणि रात्रीची वेळ पुढे नेणं हे एकदम सुरू करू नका. मूल अतिथकतं आणि वेगळाच गोंधळ सुरू होतो.

दुपारची झोप संपल्यापासून रात्रीच्या झोपेपर्यंत किती जाग हवी? दीड वर्षाच्या आसपास साडेचार-पाच तास, दोन-अडीच वर्षांना पाच-सहा. नऊला झोपवायचं असेल तर तीन-साडेतीनच्या पुढे दुपार ताणू देऊ नका. संध्याकाळी सहाला गाडीत लागलेली दहा मिनिटांची डुलकी सगळा हिशोब उधळते, तेव्हा त्या वेळेचा प्रवास टाळता आला तर टाळा.

*

दिवसातल्या दोन झोपांवरून एकीवर यायचं वय साधारण १५ ते १८ महिने. दुसरी झोप घ्यायला आठवडाभर नकार आला, किंवा ती घेतल्यावर रात्री झोप उशिरा लागायला लागली, की समजावं. पहिली झोप दोन-तीन दिवसांनी १५-१५ मिनिटं पुढे ढकलत दुपारी बारा-साडेबारावर आणायची. या काळात रात्रीची वेळ अर्धा तास अलीकडे. दुपारची झोप पूर्ण सुटते ती बहुधा तीन ते पाच वर्षांत. दुसऱ्या वर्षीच ती बंद करून टाकली तर संध्याकाळी सहापासून आकांत आणि रात्री उलट जास्त जाग.

*

तासभर लोळणाऱ्यांसाठी. रोजच्या झोपेच्या वेळेआधीचे दोन-तीन तास शरीर चांगलंच सावध असतं. मोठ्यांनाही हे होतं. मुलाचा डोळा सव्वादहाला लागत असेल आणि तुम्ही त्याला पावणेनऊला अंथरुणावर नेत असाल, तर ऐन जोरात असताना झोप म्हणताय. दीड तास गाणी, पाणी, शू, पुन्हा पाणी. वर अंथरूण म्हणजे भांडणाची जागा हे पक्कं होतं ते वेगळंच.

उलट्या बाजूने या. नोंदीतली खरी वेळ घ्या, सव्वादहा. पहिले काही दिवस त्याच वेळेला अंथरुणावर न्या, त्याआधी नाही. सलग तीन रात्री १५-२० मिनिटांत झोपलं, की वेळ १५ मिनिटं अलीकडे. पुन्हा तीन रात्री. लोळायला लागलं तर एक पायरी मागे. असं करत सव्वादहाचे नऊ व्हायला साधारण दोन-तीन आठवडे जातात.

हे फसतं ते सकाळी. उठायची वेळ रोज एकच हवी, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. रात्री उशिरा झोपलं म्हणून "बिचारं झोपू दे" करत नऊपर्यंत झोपू दिलं की रात्र पुन्हा तितकीच पुढे सरकते. उठल्या उठल्या पडदे उघडा आणि २०-३० मिनिटं बाहेरच्या उजेडात काढा. सकाळचा उजेड झोपेची वेळ अलीकडे आणतो, रात्रीचा पुढे ढकलतो.

*

उजेडाचा विषय निघालाच आहे तर: लहान मुलांच्या डोळ्यातली बाहुली मोठी आणि भिंग स्वच्छ असतं, त्यामुळे त्याच दिव्याचा परिणाम त्यांच्यावर मोठ्यांपेक्षा जास्त होतो. झोपेच्या तासभर आधी छताचे दिवे बंद, खाली कोपऱ्यात एक मंद पिवळा. सगळं जमवून शेवटी दात घासायला लख्ख उजेडाच्या बाथरूममध्ये नेतात, तिथे केलेल्या कामावर पाणी पडतं. दात आधी घासून घ्या. टीव्ही-मोबाइलही त्याच वेळी बंद.

झोपेआधीचा क्रम २०-३० मिनिटांचा, चार गोष्टींचा, रोज तोच: अंग पुसणं, कपडे, पुस्तक, गाणं. पुस्तकं किती ते वाचायला बसण्याआधी ठरवा आणि तेवढीच बाहेर काढा. कपाट उघडं राहिलं की "अजून एक"ला अंत नसतो. अंघोळीने काही मुलं शांत होतात, काही चेकाळतात. चेकाळणाऱ्यांची अंघोळ दीड-दोन तास आधी उरकावी.

*

दर तास-दीड तासाने उठणाऱ्यांबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण इथे सगळ्यात जास्त दमछाक होते.

लहान मुलांचं झोपेचं एक आवर्तन तासाभराचं असतं आणि प्रत्येकाच्या शेवटी अर्धवट जाग येते. मूल तेव्हा डोळा लागताना जे होतं ते शोधतं. खांद्यावर झोपलं असेल तर खांदा, दूध तोंडात असताना झोपलं असेल तर दूध. ते सापडलं नाही की पूर्ण जागं होऊन रडतं. म्हणून काम रात्री दोनला करायचं नसतं, नऊ वाजताच्या झोपवण्यात करायचं असतं.

दूध आणि झोप यांच्यात २०-३० मिनिटांचं अंतर पाडा: दूध, मग दात, मग पुस्तक. पुढे पायऱ्या. कडेवर फिरवून झोपवत असाल तर आधी उभं राहून स्थिर धरणं, मग बसून मांडीवर, मग अंथरुणावर ठेवून थोपटणं. मग थोपटण्याचा जोर आणि वेग कमी, मग नुसता हात ठेवणं, मग हात बाजूला पण शेजारी बसून, मग दोन हात लांब. प्रत्येक पायरीला तीन-चार रात्री. एका अंथरुणात झोपत असाल तरी हेच चालतं, फक्त शेवटी मोठ्याने डोळे मिटून निश्चल पडायचं आणि बोलायचं नाही. कंटाळवाणं असणं हेच तेव्हाचं काम.

आता कुठे मोडतं ते. नऊला शेजारी नुसतं बसायचं आणि रात्री तीनला झोपेच्या भरात कडेवर घ्यायचं. मुलाला यातून कळतं की पुरेसं रडलं की उचलतात. म्हणून तीन वाजता, अर्ध्या झोपेत जेवढं निभेल तेवढीच पायरी निवडा. आई, बाबा, आजी, आजोबा, जो कुणी रात्री उठतो त्याने एकच करायचं. कागदावर लिहून भिंतीला लावलेलं बरं. तिसऱ्या-चौथ्या रात्री रडणं वाढून मग कमी होतं. नेमकं तेव्हाच सोडलं तर पुढच्या वेळी जास्त जड जातं. आजारपण, प्रवास, घर बदलणं, नवं भावंड अशा वेळी सुरूच करू नका.

*

रात्रीचं बाटलीचं दूध बंद करताना एकदम तोडू नये. १८० मिली देत असाल तर दर दोन रात्रींनी ३० मिली कमी करा. ६० वर आलं की बंद, हवं तर कपात दोन घोट पाणी. अंगावरचं असेल तर दर दोन रात्रींनी एक-दोन मिनिटं कमी. वर्षापुढच्या, नीट वाढणाऱ्या मुलाला रात्री दुधाची गरज नसते. वजन वाढत नसेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा. दूध तोंडात ठेवून झोपल्याने पुढचे दात किडतात. शिवाय दिवसरात्र मिळून वरचं दूध अर्ध्या लिटरच्या पुढे गेलं की जेवणाची भूक मरते आणि लोह कमी पडायला लागतं. लोह कमी म्हणजे पुन्हा अस्वस्थ झोप.

*

किंचाळत उठणारी मुलं हा वेगळाच प्रकार. झोप लागल्यापासून एक ते तीन तासांत, डोळे सताड उघडे, घामाघूम, तुम्हाला ओळखत नाही, जवळ घेतलं की ढकलतं: ही गाढ झोपेतली अर्धवट जाग. जागं करू नका, हलवू नका, पडणार-आपटणार नाही एवढं बघा. पाच-पंधरा मिनिटांत आपणच शांत होतं आणि सकाळी त्याला काही आठवत नाही. अपुरी झोप, ताप, भरलेलं मूत्राशय ही नेहमीची कारणं. रोज ठरावीक वेळी होत असेल तर त्याआधी १५-२० मिनिटं हलकेच कूस बदलेल इतपत चाळवा. असं दोन ते चार आठवडे.

वाईट स्वप्न मात्र उत्तररात्री पडतं, मूल पूर्ण जागं असतं, बिलगतं. तिथे जवळ घ्यायचं, थोडं बोलायचं, परत झोपवायचं. रोज खाटेखाली वाकून "बघ, काही नाही" दाखवण्याच्या मी विरोधात आहे. शोधाशोध केली की शोधण्यासारखं काहीतरी असतं असं वाटतं. जमिनीलगत मंद दिवा लावलेला बरा.

किंचाळत उठताना अंगाला झटके लयीत येत असतील, अंगाच्या एकाच बाजूला असतील किंवा हा प्रकार एका रात्रीत अनेकदा होत असेल, तर व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा.

*

वेळापत्रकाआधी तपासण्यासारखं :

रोज घोरणं, तोंड उघडं ठेवून झोपणं, मान मागे ताणणं, श्वास थांबून परत दचकून घेणं. टॉन्सिल किंवा नाकामागच्या ग्रंथी वाढलेल्या असू शकतात, कान-नाक-घसा तज्ज्ञ.

झोपताना पाय सतत आपटणं, चोळायला लावणं. डॉक्टरांना हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनही बघायला सांगा, त्यातून लोहाचा साठा कळतो, आणि हिमोग्लोबिन ठीक असूनही तो कमी असू शकतो.

रात्री शीच्या जागी खाज: कृमी. मादी रात्री बाहेर येऊन अंडी घालते. सकाळी धुण्याआधी पारदर्शक चिकटपट्टी त्वचेला लावून ती डॉक्टरांकडे न्यावी. औषध घरात सगळ्यांनी घ्यावं लागतं आणि दोन आठवड्यांनी परत.

उभं असताना बरं आणि आडवं केलं की रडणं: कान. कोपर-गुडघ्यामागची कोरडी खाजरी त्वचा आणि बद्धकोष्ठता हीदेखील बघावी.

आणि गुंगी यावी म्हणून सर्दीचं औषध अजिबात नको. काही मुलं त्याने उलट चेकाळतात, आणि श्वासाचा धोका असतो. मेलाटोनिनही (झोपेच्या संप्रेरकाचं औषध) स्वतःच्या मनाने नाही.

*

तीन वर्षांपुढची, सारखी उठून बाहेर येणारी मुलं: रोज रात्री दोन कार्डं द्या. एक कार्ड म्हणजे एकदा बाहेर यायची परवानगी, पाणी किंवा मिठीसाठी. कार्ड घ्यायचं, काम दोन मिनिटांत उरकायचं. कार्डं संपली की हात धरून, न बोलता परत. दहा वेळा आलं तरी दहाही वेळा तसंच. आठवड्याने एक कार्ड कमी करा. दोन वर्षांच्या मुलाला हे कळत नाही, तिथे वेळ घालवू नका.

पाळण्याच्या कठड्यावरून पाय टाकायला लागलं की गादी त्याच दिवशी जमिनीवर. कपाटं भिंतीला आवळून बसवा, पडद्याच्या दोऱ्या वर बांधा.

*

एकसुरी आवाजाचं यंत्र वापरणार असाल तर मुलाच्या डोक्यापासून निदान दोन मीटर लांब, आवाज ५० डेसिबलपेक्षा कमी. टायमरवर नको. रात्री अकराला बंद पडलं की पुढच्या वेळी जाग आल्यावर मूल ते शोधतं. लावायचं तर रात्रभर, नाहीतर नाही.

*

आता राहिला चौथा प्रकार, पहाटे साडेचारवाल्यांचा. आधी खोलीत फटीतून उजेड येतो का ते बघा. त्या वेळी झोप पातळ असते, एवढ्यानेही जाग येते. रात्रीची वेळ फार लवकरची आहे का, की मूल अतिथकून झोपतंय, ते नोंदीवरून ताडा. सहाच्या आधीची जाग ही रात्रच धरा: दिवा नाही, दूध नाही, खेळणं नाही. पाचला उठलेल्याला लगेच दूध मिळालं की पोट दुसऱ्या दिवशी पाचलाच जागं करतं. दूध रोज दहा-दहा मिनिटं पुढे ढकला. सकाळची पहिली डुलकीही लवकर देऊ नका, ती पहाटेच्या तुटलेल्या झोपेची भरपाई होऊन बसते.

आणि दोघं मोठे असाल तर रात्र वाटून घ्या: एकाने दोनपर्यंत उठायचं, दुसऱ्याने नंतर. ज्याची पाळी नाही त्याने शक्य तर दुसऱ्या खोलीत, दार लावून झोपायचं.